एकाला तरी कळू नये

परीक्षण पुस्तकाचे होते, नाटकाचे होते, हल्ली खानावळींचेही होते. पण घरात सतरंजीवर बसून खेळायच्या खेळाचे परीक्षण कोणी गांभीर्याने केलेले माझ्या फारसे पाहण्यात नाही. खेळ म्हटला की तो मुलांचा, आणि मुलांचा म्हटला की त्यात विचार करण्याजोगे काय असणार, अशी आपली समजूत. बालवर्गाला शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली, त्यामुळे ही समजूत माझ्यापुरती तरी टिकलेली नाही. मुले खेळताना बघत बसले की ती पुढे कशी वागणार याचा अंदाज येतो; आणि गेल्या दिवाळीत, भाऊबीजेला माहेरी गेले असताना, मोठ्या माणसांचा खेळ बघितला तेव्हा आपण आजवर कसे वागत आलो तेही कळले. म्हणून हा लेख. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. चार कादंबऱ्या लिहिल्या, एवढ्याच भांडवलावर मी टीकाकाराच्या खुर्चीत बसते आहे, हे ध्यानात ठेवून वाचकांनी पुढचे वाचावे.

खेळाचे नाव ‘डिक्सिट’. माझ्या भाच्याने तो खोका आणला तेव्हा आईने चष्मा वर करून विचारले, “हा कुठल्या दीक्षितांचा खेळ रे?” घरात हशा पिकला. दीक्षितांचा या खेळाशी काही संबंध नाही. शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’ एवढाच. जाँ-लुई रुबिरा नावाच्या, मुलांच्या मनावर उपचार करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांनी तो रचला. चित्रे मारी कार्दुआ या चित्रकर्तीने काढली. आणि २००८ साली तो बाजारात आला. जर्मनीत १९७९ पासून दर वर्षी एका खेळाला ‘वर्षाचा खेळ’ म्हणून मोठा मान देतात. तो २०१० साली याला मिळाला. पुढे त्याच्या पुरवण्या निघाल्या, प्रत्येकीत ८४ नवी पाने आणि चित्रकारही बहुधा वेगवेगळे.

मूळ खोक्यातही ८४च पाने आहेत. आपल्या पत्त्यांपेक्षा बरीच मोठी, आणि त्यांवर राजा नाही, राणी नाही, आकडा नाही, एक अक्षरसुद्धा नाही. आहे ते केवळ चित्र, आणि तेही पहाटेच्या स्वप्नात दिसावे तसे. प्रत्येकाला सहा पाने वाटतात. ज्याचा डाव असेल तो ‘सांगणारा’. त्याने आपल्या हातातले एक पान मनात धरायचे, त्यावरून एखादा शब्द, एखादे वाक्य, गाण्याची ओळ, काय सुचेल ते मोठ्याने म्हणायचे आणि पान पालथे ठेवायचे. बाकीच्यांनी तो शब्द ऐकून आपापल्या हातातले त्यातल्या त्यात जुळणारे पान गुपचूप त्यात मिसळायचे. मग सगळी पाने पिसून उताणी मांडायची आणि सांगणाऱ्याचे मूळ पान कोणते ते प्रत्येकाने ओळखायचे. आपल्याच पानाला मत देता येत नाही. गुण मोजायला लाकडाचे छोटे ससे असतात. ते फलकावरून पुढे पळतात आणि ३० गुणांचा पल्ला गाठला की डाव संपतो.

इथवर खेळ साधा आहे. त्याची सारी गंमत आणि सारी गोम गुणांच्या एका नियमात आहे. सांगणाऱ्याचे पान सगळ्यांनी ओळखले, तर सांगणाऱ्याला शून्य आणि इतरांना प्रत्येकी दोन. कोणीच ओळखले नाही, तरीही सांगणाऱ्याला शून्य आणि इतरांना प्रत्येकी दोन. काहींना कळले आणि काहींना कळले नाही, तरच सांगणाऱ्याला तीन आणि ज्यांना कळले त्यांनाही तीन. शिवाय तुमच्या पानाने कोणाला फसवले, तर फसलेल्या प्रत्येकामागे तुम्हाला एक.

मी हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटले, हे तर आपलेच दुखणे! सगळ्यांना कळेल असे लिहावे, तर टीकाकार म्हणतात, ‘यात नवे काय?’ कोणालाच कळू नये असे लिहावे, तर वाचक पुस्तक मिटतो. १९४७ साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ निघाल्या आणि दुर्बोधतेचा केवढा वाद आपल्याकडे माजला, हे मराठी वाचकांना सांगायला नको. त्या वादात एका बाजूला ‘कळलेच पाहिजे’ म्हणणारे होते आणि दुसऱ्या बाजूला ‘कळण्याची घाई कशाला’ म्हणणारे. रुबिरा डॉक्टरांनी त्या दोन्ही पक्षांना शून्य गुण दिले असते. लेखकाने खासगी अनुभवाला असे रूप द्यावे की तो दुसऱ्याचाही होईल. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी, भट्टनायकांनी आणि त्यांच्यामागून अभिनवगुप्तांनी, याला साधारणीकरण म्हटले. हा खेळ त्या मोठ्या शब्दाची लहान मुलांना जमेल अशी तालीम आहे, असे माझे पहिले मत झाले. ते पुढे बदलावे लागले.

मत का बदलले ते सांगण्यापूर्वी खेळातल्या चित्रांविषयी थोडे बोलले पाहिजे. चित्रांची पाने आपल्याला नवी नाहीत. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा कित्येकांनी पाहिली असेल: १२० गोल पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने. चित्र नाजूक, रेखीव. पण त्याची किंमत ठरलेली. राजा तो राजाच. तिथून जवळच, कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीला, ठाकर समाजातले चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरतात आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने आख्यान लावतात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे चित्राला गोष्ट आहे, पण ती गोष्ट ठरलेली आहे. सीताहरणाच्या चित्रावर वनभोजनाची कथा सांगून चालायची नाही. ‘डिक्सिट’च्या पानाला किंमतही ठरलेली नाही आणि गोष्टही ठरलेली नाही. दोन्ही खेळणाऱ्याने घरून आणायच्या. हे त्याचे सामर्थ्य. पण चित्रांतले जग युरोपातल्या परीकथांचे आहे. किल्ले तिकडचे, झाडे तिकडची. आमच्या बालवर्गातल्या पोरांना त्यात ना चूल दिसेल, ना एस.टी. एखाद्या मराठी चित्रकाराने चौऱ्याऐंशी पाने अशीच, पण आपल्या अंगणातली काढली तर फार बरे होईल.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. याला गोष्टी सांगायचा खेळ म्हणतात, पण यात गोष्ट सांगितलीच जात नाही. सांगितला जातो एक शब्द. गोष्ट सांगणाऱ्याच्या पोटातच राहते. ‘वन्स अपॉन अ टाइम’ नावाचा १९९३ सालचा एक इंग्रजी पत्त्यांचा खेळ आहे. त्यात राजकन्या, जंगल, तलवार अशी पाने हातात असतात आणि शेवटाचे एक पान प्रत्येकाजवळ लपवलेले. एकाने गोष्ट सुरू करायची. तिच्यात दुसऱ्याच्या हातातली वस्तू आली की त्याने ती गोष्ट तोंडातून काढून घ्यायची आणि आपल्या शेवटाकडे वळवायची. तिथे गोष्ट खरोखर सांगितली जाते. मात्र हातातली पाने संपवण्याच्या घाईत राजकन्या एका वाक्यात जंगलात जाते आणि दुसऱ्या वाक्यात तिचे लग्न लागते. एका खेळात गोष्ट धावते, दुसऱ्यात मुकी राहते. मला विचाराल तर दोन्ही अपुरे. असो.

आता भाऊबीजेकडे येते. त्याआधी हा खेळ मी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर दोनदा खेळले होते. आम्ही चौघी निरनिराळ्या गावांच्या, निरनिराळ्या घरांतल्या. आमच्यात सामाईक म्हणजे शाळेची घंटा, हजेरीपट आणि सिनेमाची गाणी. ‘तिसरा तास’ असे कोणी म्हणाली, की एखादीला झोपलेले मांजर आठवे आणि एखादीला उधळलेला घोडा. कोणाजवळ कोणापेक्षा जास्त भूतकाळ नव्हता. डाव कसा समतोल चालला होता! तेव्हा मला नियमातली गोम दिसली नाही.

माहेरी आम्ही सहा जण बसलो. आई, दादा, वहिनी, भाचा, मी आणि भाच्याची बायको. तिचे माहेर बडोद्याचे. घर मराठी, पण चार पिढ्या तिथे काढलेले. लग्न वैशाखात झालेले, म्हणजे तिची ही सासरची पहिलीच दिवाळी. चुरचुरीत मुलगी, पण फराळाच्या ताटापाशीसुद्धा विचारून हात पुढे करणारी.

माझा डाव आला तेव्हा मी ‘काळोख’ म्हटले. पाचही जणांनी माझे पान ओळखले. मला शून्य. दादा म्हणाला, “कादंबरीत चालेल हो, इथं नाही चालायचं.” मला ते झोंबले. मग दादाने आपल्या डावाला म्हटले, “नानांची छत्री.” आम्ही चौघे खो-खो हसलो आणि पान चटकन ओळखले. नाना म्हणजे आमचे वडील. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांच्या छत्रीची गोष्ट आमच्या घरात कोणीही न सांगता सगळ्यांना ठाऊक आहे. एकट्या नव्या सुनेला ती ठाऊक नव्हती. तिने भलत्याच पानाला मत दिले. दादाला तीन, आम्हा चौघांना तीन-तीन, तिला शून्य. वहिनीने ‘गच्चीवरचा फणस’ म्हटले. पुन्हा तेच. आणि मीही, ‘काळोखा’तून शहाणी होऊन, पुढच्या खेपेला ‘गोदाकाकूंची शिट्टी’ म्हटले. मला तीन गुण मिळाले. मुलीचा ससा जिथल्या तिथे.

वाचकहो, इथे नियम नीट पाहा. सगळ्यांना कळले तर सांगणाऱ्याला शून्य. म्हणजे घरातले गुपित वापरून गुण मिळवायचे असतील, तर ज्याला ते कळणार नाही असा एक माणूस बैठकीत असावाच लागतो. आम्ही पाचच बसलो असतो, तर ‘नानांच्या छत्री’ला छदामही मिळाला नसता. आमचे तीन-तीन गुण तिच्या अज्ञानावर उभे होते. ती खेळात मागे पडत होती असे नव्हे; ती मागे होती म्हणूनच आम्ही पुढे जात होतो. साधारणीकरण वगैरे मी जे म्हटले ते इथे पार कोसळले. आम्ही अनुभव सर्वांचा करत नव्हतो. एकाला वगळून तो उरलेल्यांचा करत होतो. आणि घरोघर, खेळ नसतानाही, आपण पंगतीत हेच करतो. जुनी आठवण निघते, चार जण हसतात, आणि नवे माणूस सगळ्यांच्या तोंडाकडे बघून उशिरा हसते.

तिचा डाव आला तेव्हा ती म्हणाली, “उत्तरायण.” आम्ही सूर्य शोधला, ऋतू शोधले, भाच्याने तर बर्फाच्या पानाला मत दिले. तिचे पान निराळेच होते: आभाळात काही उडते आहे आणि एक बारीक दोरी खाली आली आहे. बडोद्यात १४ जानेवारीला ‘उत्तरायण’ म्हणजे पतंग, हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक असते. आमच्यापैकी एकालाही कळले नाही. तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही, कारण त्यांची एकत्र संक्रांत अजून यायची होती. तिला शून्य, आम्हाला दोन-दोन. दादा चेष्टेने म्हणाला, “फारच दुर्बोध बुवा!” सगळे हसले. मीही हसले. दुर्बोध कोण होते, ती की आम्ही, हा प्रश्न मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचला.

मग आईचा डाव आला. आईने बराच वेळ पाने बघितली. डोळे आता तिला पुरत नाहीत. पान दिव्याखाली धरून, पुन्हा जवळ आणून ती बघत होती. मग म्हणाली, “पहिली दिवाळी.”

आम्ही आपापली पाने टाकली. उताणी मांडली तेव्हा त्यांत दिवे होते, चांदणे होते, जेवणाचे टेबल होते, नाचणारी माणसे होती. आणि एका पानावर एक गोगलगाय होती, समोर वर-वर गेलेला जिना. आम्ही चौघांनी दिव्यांना आणि चांदण्याला मते दिली. नव्या सुनेने गोगलगाईला दिले.

ते आईचे पान होते.

“आई, गोगलगाय आणि पहिली दिवाळी?” मी विचारले.

“तिला विचार,” आई म्हणाली.

मुलगी ओशाळून म्हणाली, “मला पण नाही सांगता यायचं, आत्या. आपलं वाटलं.”

आईला तीन, तिला तीन. वहिनी काही बोलली नाही. तिने ते पान उचलून हातात घेतले आणि पुष्कळ वेळ खाली ठेवले नाही. तीस वर्षांपूर्वी ती याच घरात नवी आली होती. तिने दिव्यांना मत दिले होते. मीही एका घरात नवी गेले होते, आणि मीही दिव्यांनाच दिले होते. सत्त्याहत्तर वर्षांच्या आईला जे आठवत होते, ते आम्ही दोघी कधी विसरलो ते आम्हालाही सांगता आले नसते.

टीकाकार म्हणून मला इथे थांबून विचार करणे भाग आहे. नियम तोच होता. ज्या नियमाने आम्ही त्या मुलीला चार डाव बाहेर ठेवले, त्याच नियमाने आईने तिला आत घेतले आणि आम्हाला बाहेर ठेवले. ‘एकाला तरी कळू नये’ हा नियमाचा अर्धा भाग. ‘एकाला तरी कळावे’ हा दुसरा अर्धा. आम्ही बोलताना ज्यांना आधीच ठाऊक आहे त्यांच्याकडे बघत होतो. आईने जिला काहीच ठाऊक नव्हते तिच्याकडे बघून शब्द निवडला. लिहिणाऱ्यालाही हीच निवड करावी लागते, आणि माझ्या चार कादंबऱ्यांत मी ती फार वेळा दादासारखी केली आहे, हे कबूल करते. माझ्या वाचकांची पत्रे येतात, ती बहुतेक माझ्याच तालुक्यातली. मला त्याचा अभिमान होता. आता थोडी शंका आहे.

खेळ पुढे चालू झाला, पण वहिनीने एक नियम घातला, आणि तो रुबिरा डॉक्टरांच्या पुस्तिकेत नाही. डाव मोजून झाला की सांगणाऱ्याने आपल्या शब्दामागची गोष्ट पुरती सांगायची. कळलेल्यांनाही आणि न कळलेल्यांनाही. मग दादाने छत्रीची गोष्ट सांगितली: नाना मोटारीत छत्री विसरले, तीन आठवड्यांनी ती त्यांना एका अनोळखी म्हाताऱ्याच्या हातात दिसली, पण त्या वेळी पाऊस पडत होता, म्हणून नानांनी ओळख दाखवली नाही आणि भिजत घरी आले. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. पण एखाद्या नव्या माणसाला पहिल्यापासून सांगताना दादाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तो शेवटी जरा घोगरा झाला. मग मुलीने उत्तरायण सांगितले. गच्च्या माणसांनी भरलेल्या, उंधियू आणि जिलेबी, आणि पतंग कापला की सगळ्या गल्लीतून उठणारी ‘काप्यो छे!’ अशी आरोळी. ती आरोळी तिने आमच्या ओटीवर बसून खरोखरच ठोकली. शेजारचे दार उघडले. त्या घरात तिचा आवाज इतका मोठा मी पहिल्यांदा ऐकला.

तेव्हा या खेळावर माझे मत असे. चित्रे उत्तम, पण परकी. वीस-पंचवीस डावांनंतर पाने ओळखीची होतात आणि जुने शब्द त्यांना चिकटून बसतात; मग पुरवणी आणावी लागते. गुणांचा नियम फार हुशार आहे आणि हुशारीइतकाच निर्दय आहे. बैठकीत कोणी नवे असेल तर त्याचा काच त्यालाच होतो. ओळखीपाळखीच्या मैत्रिणींत तो जसा आहे तसा खेळावा. कुटुंबात खेळायचा असेल, घरात नवी सून, नवा जावई, परगावचा पाहुणा असेल, तर आमच्या वहिनीचा नियम जोडून खेळावा. त्याने वेळ लागतो. रात्रीचे बारा वाजतात. पण ज्या गोष्टीसाठी हा खेळ नावाजला आहे ती गोष्ट त्यात तेव्हा कुठे येते.

या नियमाचा एक तोटाही सांगितला पाहिजे. नानांची छत्री आता आमच्या घरात सहाही जणांना ठाऊक आहे. डावात तिचे मोल आता शून्य. या भाऊबीजेला दादाला दुसरी गोष्ट शोधावी लागणार, आणि तो आतापासूनच आईला फोन करून नानांचे जुने किस्से विचारतो आहे.